ताणातला पाहुणा

माझ्या संत्र्याच्या बगीच्यात कोणीतरी चोरून पाणी देत होतं. पाणी चोरून नेणारे लोक मी पाहिले होते, चोरून देणारा पहिल्यांदाच भेटत होता. तो कोण असेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सूर्यभान काकाजी. दुसरं कोण असणार?

ज्यांना संत्र्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबिया बहार हवा असेल तर थंडीत झाडांचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, गळायला लागतात, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नवखा माणूस पाहून म्हणेल की गेला हा बगीचा. याला ताण म्हणतात. ताण पुरता बसला की पाणी सोडून तो तोडायचा, मग झाड अंगभर फुलतं. पण मध्येच पाणी मिळालं तर ते फुलांचं विसरतं आणि नुसती पालवी काढून मोकळं होतं. दिसायला हिरवंगार, आणि वर्ष बुडालेलं.

आणि यंदाचं वर्ष बुडून मला चालणार नव्हतं. बाबा गेल्यावर मी अकोल्याची कुरिअर ऑफिसातली नोकरी सोडून गावी आले. आमचं गाव वलगावच्या पुढे, परतवाड्याच्या रस्त्यावर. वावर दोन भावांचं, विहीर एक, तिच्यावर दोघांच्या मोटरी पाळीपाळीने चालायच्या, मध्ये धुरा, म्हणजे बांध. धुऱ्याच्या अलीकडचा बगीचा बाबांचा, पलीकडचा काकाजींचा. माझा भाऊ किशोर अकोल्यात दुकान चालवतो. त्याचं म्हणणं होतं, बगीचा काकाजींनाच करू द्यावा, बाईमाणसाच्या एकटीच्या आवाक्यातलं हे काम नाही. काकाजींचं म्हणणंही तेच. मी भांडले. भांडण हा माझा हातखंडा विषय आहे. शेवटी अट ठरली की मी एकटीने एक बहार आणून दाखवायचा. आला तर बगीचा माझा, नाही आला तर काकाजी करतील आणि मी निमूट अकोल्याला परत.

मला परत जायचं नव्हतं. एका जागी बसणं माझ्या जिवावर येतं. ऑफिसात खुर्चीवर बसून माझे पाय आपोआप हलायचे, शेजारची मुलगी वैतागून जागा बदलायची. या झाडांमधून सकाळ-संध्याकाळ चालताना मात्र मला आपण कुठे जातोय हा प्रश्न पडत नव्हता. म्हणून मी ताण इतका कडक दिला की काकाजींनी धुऱ्यावरून दोनदा टोकलं. मी ऐकलं नाही.

तर एका संध्याकाळी सगळ्यात सुकलेल्या झाडाखाली मला ओल दिसली. झाडाभोवती नेमकं गोल, हातभर रुंद कडं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाभोवती, तिसऱ्या दिवशी आणखी दोन झाडांभोवती. सगळी माझ्याच बाजूची. मी तशीच धुरा ओलांडून गेले आणि काकाजींना त्यांच्या अंगणात, काकू ऐकत असताना, नको नको ते बोलले. बहार बुडवायचा तर तोंडावर सांगून बुडवा, असंही म्हणाले. काकाजी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. त्यांनी तो बाजूला ठेवला, खाली वाकून अंगणातली माती मुठीत घेतली.

"दुश्मनाच्या झाडाचाही ताण मी तोडत नाई, दामिनी. तू तं भावाची पोरगी हायेस."

माती हातात घेऊन काकाजी खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं, त्यामुळे मी जास्तच चिडले. शेवटी त्यांनीच सुचवलं की दोघांनी मिळून पाळत ठेवू, नाहीतर तू गावभर माझं नाव खराब करशील. झालं, आम्ही धुऱ्यावर बसलो. म्हणजे ते बसले. आमचं कुठे बसायचं यावरही एकमत होईना. त्यांना सावली हवी होती, मला सगळी झाडं दिसतील अशी जागा. ते पोत्यावर मांडी घालून बसले की तास न् तास हलत नाहीत. मी धुऱ्यावरून इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. तुझ्या पायानं चोर पळून जाईल, असं ते म्हणाले. तुमच्या खर्ऱ्याच्या वासानं आधीच पळाला असेल, असं मी म्हणाले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका भेगेतून ते बाहेर आलं.

आधी मला वाटलं, ओलं पोतं कोणीतरी खालून वर ढकलतंय. आकार तेवढाच, रंग मातीचा. डोळे नाहीत, तोंड नाही, पाय नाहीत. कडा मात्र सारख्या हलत होत्या, काहीतरी चाचपडत असल्यासारख्या. ते सरपटत झाडाच्या बुंध्याशी गेलं, त्याला एक वळसा घातला आणि जाताजाता अंगातलं पाणी पिळून टाकलं. मागे ओलं कडं उमटलं. मग ते बुंध्याला टेकून थोडं थांबलं. कोणाच्या तब्येतीची चौकशी करायला आलेला माणूस खाटेपाशी थांबतो, तसं.

माझी वाचा बसली. काकाजींची बसली नाही. परका माणूस दिसला की आमच्याकडे आपोआप हिंदी सुरू होते, ती त्यांची सुरू झाली. कौन है भाई, किधर से आये, असं त्यांनी खड्या आवाजात विचारलं. पाहुण्याने ढिम्म लक्ष दिलं नाही. आमच्या दोघांच्या मधून ते पुढच्या झाडाकडे गेलं.

त्याच्या ओलीचा माग काढत आम्ही विहिरीपर्यंत पोचलो. विहिरीच्या आतल्या बाजूला भेगा होत्या आणि त्या सगळ्या ओल्या होत्या. काकाजींनी दोर माझ्या कमरेला बांधला, दुसरं टोक मोटरीच्या खांबाला आणि स्वतःच्या हाताला गुंडाळलं, आणि मी लोखंडी कड्यांवरून खाली उतरले. मी पाण्यापाशी पोचले. पाण्याखाली काहीतरी फिकट, गोल, बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठं तरंगत होतं. ते तळाला टेकलेलं नव्हतं, भिंतीला चिकटलेलं नव्हतं, आणि विहिरीतले सगळे मासे त्याच्याभोवती एकाच दिशेने हळू फिरत होते. असलं काही या जमिनीवर कोणी बनवत नाही हे समजायला शिक्षण लागत नाही. मी वर आले. काकाजींच्या हातावर दोराचे वळ उठले होते.

मग त्यांना आठवलं की मागे एकदा पाऊस नसताना विहिरीचं पाणी हातभर चढलं होतं. शेजारच्या वावरातला पाझर असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. मलाही ते दिसलं होतं आणि मला वाटलं होतं, काकाजींनी आपली पाळी असूनही मोटर लावली नसेल. आभाळातून कोणीतरी आमच्या विहिरीत उतरलं होतं आणि आम्ही दोघं एकमेकांच्या पाळ्या मोजत बसलो होतो.

कोणाला सांगायचं नाही यावर मात्र आमचं एका शब्दात एकमत झालं. तलाठ्याला सांगितलं तर पंचनामा होईल, पोलीस येतील, मोबाईल घेऊन अख्खा तालुका येईल आणि बगीचा पायाखाली जाईल. पाहुण्याचं काय करतील ते तर विचारायलाच नको. काकाजी म्हणाले, बहार होईपर्यंत झाकून ठेवू. त्यांनी माझ्या बहाराची काळजी केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पण पाणी देणं थांबवायचं कसं? आम्ही भेगा बुजवल्या, ते दुसऱ्या भेगेतून आलं. मी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिले, ते माझ्या चपलेला वळसा घालून गेलं. काकाजींनी नारळ ठेवून हात जोडले, नारळालाही वळसा घातला. रोज एक-दोन झाडं हातची जात होती आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. मी दिवसभर बगीच्यात येरझारा घालत होते आणि संध्याकाळी पायात गोळे येत होते. शेवटी काकाजीच पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाले,

"ते आपल्याले पाहूनच नाई राहिलं. त्याच्या हिशोबानं इथचे लोक म्हंजे हे झाडं. लोक तहानेनं मरून राहिले म्हून ते पाणी पाजून राहिलं."

"आन् आपण?"

"आपण? बकऱ्या असू."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी काय करायचं ते सुचलं. त्याला झाडंच माणसं वाटत असतील तर मी झाड व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सगळ्यात सुकलेल्या झाडाच्या आळ्यात बुंध्याला टेकून बसले. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि हलायचं नाही असं ठरवलं. निर्जळा उपास मी हरतालिकेला लहानपणापासून करत आले होते, ते काही अवघड नव्हतं. न हलणं अवघड होतं.

ऊन तापल्यावर ते आलं. माझ्यापाशी थांबलं. पहिल्यांदाच थांबलं. मग माझ्याभोवती आणि झाडाभोवती मिळून एक ओलं कडं घातलं. मी दोन्ही हातांनी कोरडी माती त्यावर लोटली. ते परत गेलं, परत आलं, कडं घातलं. मी परत माती लोटली. असं दुपारभर चाललं. माझे ओठ फुटले, डोकं गरगरायला लागलं, पलीकडून काकाजी ओरडत होते की आता उठ, मरशील. पाहुण्याने आपली एक कडा माझ्या तळहातावर ठेवली. थंडगार होती, आणि थरथरत होती. ती थरथर मला ओळखीची वाटली. कुठलाही धीर नसलेल्या जिवाची होती ती, माझ्यासारखीच.

आमच्याकडे ताणातलं झाड जिवंत आहे का पाहायचं तर नखाने डहाळी खरवडतात. वर करडं असलं तरी आत हिरवं, ओलसर लागलं की काळजी नाही. मी एक डहाळी वाकवली, नखाने साल काढली आणि त्याची कडा त्या हिरव्यावर ठेवली. ते तिथे खूप वेळ राहिलं. मग माझ्या हातावर आलं, मग पुन्हा डहाळीवर गेलं. शेवटी ते भेगेत उतरलं आणि त्या दिवसानंतर माझ्या बगीच्यात ओलीचा ठिपका दिसला नाही.

मी आनंदाने वेडी झाले होते. जी दहा-बारा झाडं भिजली ती गेली, पण बाकीचा बगीचा शाबूत होता. आकाशातून आलेल्या जिवाला मी काहीतरी समजावून सांगितलं होतं आणि ते त्याला पटलं होतं. काकाजी म्हणाले, बाप्पा, तुझं परग्रहावरचेही ऐकतात, किशोर काही ऐकत नाही. मी त्यांच्यासाठी वलगावहून गरम भजी आणली. आम्ही धुऱ्यावर बसून खाल्ली, आणि मला आठवतं, मी बराच वेळ खरोखर बसले होते.

ताण तोडायला थोडेच दिवस उरले होते तेव्हा ते मला पुन्हा सापडलं. मी बसले होते त्याच आळ्यात ते बुंध्याला टेकून पसरलं होतं. उन्हात. अंग आक्रसून निम्मं झालेलं, कडा वाळून वर वळलेल्या, रंग राखेचा. मी हाक मारली, हात लावला. हललं नाही. आधी मला काही समजेना, आणि मग एकदम समजलं. इथल्या लोकांची रीत त्याला कळली होती. इथे थंडीत सगळे पाणी पिणं सोडतात, झाडंही आणि ती चालणारी माणसंही. पाहुणा आला तर त्यानेही यजमानांबरोबर उपास धरायला हवा.

मी धावत बादली आणली आणि त्याच्यावर ओतली. ते जरासं हललं. कडा उचलली, आणि कडेने हळूहळू कोरडी माती ओढून त्या ओलीवर लोटली. हे त्याला मीच शिकवलं होतं. मी दुसरी बादली ओतली, त्याने पुन्हा माती लोटली, पहिल्यापेक्षा सावकाश. मी उचलून विहिरीकडे न्यायला गेले तर त्याने बुंध्याला अशी मिठी घातली की ओढलं असतं तर फाटलं असतं. झाडं पीत नाहीत तोवर ते पिणार नव्हतं.

मी नखाने त्याच्या अंगावर खरवडून पाहिलं. वर कोरडं, खालीही कोरडं. खूप आत कुठेतरी किंचित ओल लागली, की मला लागली असं वाटलं.

काकाजी आले. त्यांनी वाकून पाहिलं. मी म्हणाले, "मरून राहिलं ते, काकाजी. मोटर लावाच लागते."

"तुले काय मालूम मरून राहिलं? तुह्या झाडायले पाहून त्यालेई तसंच वाटलं होतं. थांब थोडे दिवस. ताण तुटतच आला हाये. कोण जाणे, तेई फुलणार असंन."

त्यांचं चूक नव्हतं, हीच पंचाईत होती. मला काहीच माहीत नव्हतं. मी आळ्याभोवती फेऱ्या मारायला लागले. एका बाजूला सगळा बगीचा माना टाकून उभा होता, जसा असायला हवा अगदी तसा. बाबांच्या वेळीही असा ताण बसला नसेल. आणखी थोडे दिवस, आणि फुलांच्या वासाने अख्ख्या रस्त्यावरचे लोक माना वळवून पाहतील. दुसऱ्या बाजूला ते राखेच्या रंगाचं गाठोडं. अकोल्याची ती खुर्चीही मला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होती.

"मी चुकली तं बहार जाईन," मी म्हणाले. "तुमी चुकले तं त्याचा जीव जाईन."

"तुहा बहार जाईन तं बगीचाई जाईन. मंग रडत नोको येऊ."

मी मोटर सुरू केली. त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे वीज, दिवसाची होती. ठिबकच्या नळ्या ताणाच्या आधीच गुंडाळून ठेवल्या होत्या, म्हणून दांडानेच, मातीच्या पाटानेच, पाणी सोडलं. काकाजी पाठ फिरवून निघून गेले. मी फावडं घेऊन एक आळं भरलं की दुसरं, दुसरं भरलं की तिसरं असं फोडत पळत होते. भेगा पाणी गटागट पीत होत्या. मी रडत होते आणि पाहुण्याला शिव्या देत होते. पाणी त्याच्या आळ्यात शिरलं तेव्हाही ते प्यायलं नाही, जरा वर सरकून बुंध्याला धरून राहिलं. शेवटच्या रांगेतलं शेवटचं आळं भरलं आणि मी परत आले तेव्हा कुठे ते खाली घसरलं. पाण्यात पसरलं. थोड्या वेळाने एक कडा थरथरली.

मी चिखलातच बसले. ते सुजत सुजत पुन्हा पोत्याएवढं होईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ते निघालं. मी विहिरीपाशी उभी होते. काकाजीही आले होते, मोटरीचं काही पाहायला आल्याचं दाखवत, माझ्याशी न बोलता. ते भेगेतून वर आलं आणि आधी माझ्याकडे आलं, माझ्याभोवती ओलं कडं घातलं. मग थोडं थांबलं, सरपटत काकाजींकडे गेलं आणि त्यांच्याभोवतीही घातलं. काकाजींनी हिंदीत काही म्हटलं नाही. पाहुणा विहिरीत उतरला, मग तिच्यातून ते फिकट चाक आवाज न करता वर आलं, पाणी निथळत क्षणभर उन्हात राहिलं आणि मग ते आभाळात नव्हतंच. विहिरीचं पाणी हातभर उतरलं. कडं वाळेपर्यंत काकाजी त्यातून बाहेर आले नाहीत.

त्याच दिवशी किशोरचा फोन आला. रविवारी येतो, बगीचा पाहतो, असं म्हणाला. मी बरं म्हटलं. काय दिसणार ते मला माहीत होतं: पालवी. हिरवा, ओला, रिकामा बगीचा. आणि धुऱ्याच्या पलीकडे काकाजींची झाडं फुलांनी भरायच्या बेतात, कितीतरी वर्षांत बसला नव्हता असा ताण बसलेली. दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यावर कोणी काही बोलायचीही गरज नव्हती. मी घरात जाऊन कपड्यांची पिशवी काढली. फार काही नव्हतं. भरता भरता मला इतकं रडू आलं की पिशवीची चेन दिसेना.

तेवढ्यात मोटरीचा आवाज आला. माझी मोटर बंद होती. आवाज विहिरीच्या पलीकडच्या बाजूचा होता.

मी पिशवी हातात तशीच घेऊन धावत गेले. काकाजींच्या बगीच्यात दांड वाहत होता. पहिल्या रांगेतली आळी भरून गेली होती. काकाजी गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, एका हाताने फावडं चालवत आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून उभे होते.

"यंदा आमी बहार धरलाच नाई, किशोर," ते फोनवर सांगत होते. "दोन्ही बगीचे आरामाले सोडले. तुहा बाप अन् मी असंच करत होतो कदीमदी. अट? अट बहाराची होती नं? बहारच नाई धरला तं अट कशाची लावतं? पुढच्या साली पाहू."

फोन खिशात टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. गाव त्यांना वर्षभर हसणार होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी काही बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी फावड्याने पलीकडे दाखवलं.

"पाहून काय राहिली? तिकडं दांड फुटून राहिला. माती लाव."

मी पिशवी धुऱ्यावर टाकली, चपला काढल्या आणि पाण्यात उतरले.